गाडीचे ॲव्हरेज का पडले, हे सेन्सरच्या आकड्यांवरून कसे शोधावे

गाडीचे ॲव्हरेज पडले, घाटात पिकअप मिळेनासा झाला किंवा सिग्नलला उभी असताना गाडी थरथरू लागली, की आपल्याकडे उपायांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी प्लग बदलले जातात, मग फिल्टर, मग इंजेक्टर साफ करून घेतले जातात, आणि तरीही फरक पडला नाही तर एखादा सेन्सर बदलला जातो. यातून कधी कधी दोष हाती लागतोही. पण इंजिनावरचे डझनभर सेन्सर दर सेकंदाला कित्येक वेळा मोजमाप करून ते संगणकाला कळवत असताना, त्या मोजमापाकडे न पाहता सुटे भाग बदलत राहणे फार महागात पडते. हे आकडे कोठे पाहायचे, कोणत्या परिस्थितीत पाहायचे आणि त्यांवरून दोषाची जागा कशी ठरवायची, हे ज्यांनी स्कॅनर कधी हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी येथे क्रमाने सांगतो. लेख पेट्रोलवर किंवा पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या चारचाकीपुरता आहे. डिझेल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण या पद्धतीने राखले जात नाही आणि तेथे रेल प्रेशर, ईजीआर आणि डीपीएफ यांचे आकडे पाहावे लागतात, म्हणून तो विषय येथे घेतलेला नाही.

ईसीएम काय करतो, एवढे आधी समजून घ्यावे

इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, आत येणारी हवा मोजतो किंवा तिचा अंदाज बांधतो आणि त्या हवेला पुरेल एवढे पेट्रोल इंजेक्टरमधून सोडतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल नेमके बसले की नाही, हे सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागाच्या, आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन उरलेला दिसला, तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडले. ऑक्सिजन दिसला नाही, तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झाले. त्यानुसार ईसीएम पुढच्या क्षणी पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. या दुरुस्तीच्या टक्केवारीला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि ॲव्हरेजच्या तक्रारीत सर्वांत बोलका आकडा हाच असतो. तो समजला की बाकीचे सेन्सर त्याच्या भोवतीचे साक्षीदार ठरतात.

साधने

भारतात प्रवासी गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ ही, गाडीने स्वतःचे दोष तपासून नोंदवण्याची, व्यवस्था बंधनकारक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचे सॉकेट सापडते. त्यात बसणारा ब्लूटूथ ॲडॅप्टर आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखे एखादे ॲप एवढ्यावर काम सुरू करता येते. ॲडॅप्टर घेताना तो आपल्या फोनला चालतो की नाही, हे आधी विचारावे. साधे ब्लूटूथ असलेले बरेच स्वस्त ॲडॅप्टर आयफोनला जोडले जात नाहीत. अगदी स्वस्त नकली ॲडॅप्टर आकडे फार सावकाश पाठवतात, म्हणून ॲपमध्ये एका वेळी वीस आकडे मांडण्याऐवजी चार-पाचच निवडावेत. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, तेव्हा काम झाल्यावर ॲडॅप्टर काढून ठेवावा. गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी उतरण्याची शक्यता असते.

तिसरे साधन म्हणजे वही. ॲपमध्ये नोंद साठवता येते हे खरे, पण तारीख, किलोमीटर, हवामान, एसी चालू की बंद, कोणते इंधन आणि त्या वेळचे आकडे हाताने लिहिले, तर दोन महिन्यांनी तुलना करताना त्या नोंदीचे मोल कळते.

एक सूचना ठामपणे देतो. चालत्या गाडीतले आकडे पाहायचे असतील, तेव्हा गाडी दुसऱ्याने चालवावी आणि आपण शेजारी बसावे. सोबत कोणी नसेल तर ॲपला नोंद साठवायला लावून नंतर घरी पाहावे. तसेच बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नये. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आधी तक्रार मोजून घ्यावी

डॅशबोर्डवरचे किंवा ॲपमधले ॲव्हरेज हा अंदाज असतो. टाकी ऑटो-कटपर्यंत भरावी, ट्रिप मीटर शून्य करावा, किमान तीन-चारशे किलोमीटर चालवावे, पुन्हा शक्यतो त्याच पंपावर ऑटो-कटपर्यंत भरावी आणि किलोमीटरला लिटरने भागावे. असे दोनदा केल्याशिवाय ॲव्हरेज पडले असे म्हणू नये, कारण शहरातला पावसाळा, एसी आणि वाहतूककोंडी यांनीच दोन-तीन किलोमीटरचा फरक पडतो. त्याच वेळी टायरमधली हवा तपासावी आणि गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सहज ढकलली जाते का, हे पाहावे. ब्रेक धरून राहत असेल, तर इंजिनचा एकही सेन्सर तसे सांगणार नाही.

कोड वाचावा, लिहून घ्यावा, पुसू नये

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर ॲपमध्ये कोड दिसतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी ०१७२ म्हणजे रिच, पी ०३०० म्हणजे एकापेक्षा अधिक सिलिंडर मिस होत आहेत, म्हणजे त्यांत इंधन नीट पेटत नाही, किंवा नेमका कोणता ते ठरत नाही, आणि पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाचा सिलिंडर मिस होत आहे. कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाची नोंद असते. दोष पकडला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, कूलंटचे तापमान, लोड (इंजिनावरचा भार) आणि ट्रिम तिच्यात असतात. ही नोंद फार मोलाची असते, आणि कोड पुसला की तीही जाते, शिवाय ईसीएमने शिकून ठेवलेले ट्रिमही शून्यावर येतात. म्हणून दिवा घालवण्याच्या घाईत कोड पुसू नये. आधी फोटो काढून ठेवावा.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक येथेच होते. पी ०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. वास्तविक, मिश्रण लीन आहे अशी बातमी त्या सेन्सरने दिलेली असते आणि बहुतेक वेळा ती खरी असते. कोड म्हणजे ईसीएमला काय खटकले त्याची नोंद असते. ते कशामुळे खटकले, हे शोधायचे काम तेथून पुढे सुरू होते. दिवा लागलेला नसला, म्हणजे दोष नाही, असेही समजू नये. ठरावीक मर्यादा ओलांडल्याशिवाय दिवा लागत नाही आणि त्या मर्यादेच्या आत गाडी महिनोन् महिने जादा पेट्रोल पिऊ शकते.

पहिली पाहणी: सकाळी, गार इंजिनावर, इंजिन सुरू न करता

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी फक्त ऑन करावी आणि तीन आकडे पाहावेत: कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि मॅप, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब.

रात्रभरात सगळे इंजिन भोवतालच्या हवेइतके गार झालेले असते, त्यामुळे दोन्ही तापमाने एकमेकांशी आणि बाहेरच्या हवेशी तीन-चार अंशांच्या फरकाने जुळली पाहिजेत. बाहेर २२ अंश, हवेचा सेन्सर २३ आणि कूलंटचा सेन्सर ८ दाखवत असेल, तर कूलंटचा सेन्सर किंवा त्याची वायर खोटे बोलत आहे, आणि ईसीएम तो आकडा खरा मानून रोज इंजिनला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाजत आहे. एकही स्क्रू न काढता होणारी ही तपासणी आहे, तरी ती क्वचितच केली जाते.

इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, आणि तो गावाच्या उंचीवर ठरतो. मुंबईत किंवा पणजीत, समुद्रसपाटीला, तो १०० ते १०१ किलोपास्कल असतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ९५ च्या आसपास. आणि साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात ८६-८७. पुण्यात उभ्या गाडीचा मॅप १०३ किंवा ८५ दाखवत असेल, तर सेन्सर संशयास्पद आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत हवा थेट मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर नसतो. मॅपचा दाब, आरपीएम आणि हवेचे तापमान यांवरून ईसीएम हवेचा हिशेब करतो. अशा गाडीत मॅपच चुकला तर इंधनाचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरी पाहणी: इंजिन तापताना

इंजिन सुरू करून कूलंटचे तापमान कसे चढते ते पाहावे. सुरुवातीला आरपीएम वाढलेले असतात आणि तापमान चढेल तसे ते उतरतात. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप, साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि त्यानंतर चालत्या गाडीत तापमान ८५ ते १०० च्या पट्ट्यात राहिले पाहिजे.

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण याच एका आकड्यामुळे मी या अभ्यासाकडे वळलो. माझ्या १.२ लिटर पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज सतरावरून साडेतेरावर आले होते. दिवा लागलेला नव्हता. एका गॅरेजमध्ये प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, मग ऑक्सिजन सेन्सरही बदलला, आणि ॲव्हरेज होते तेथेच राहिले. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात साताऱ्याला जाताना मुलाने शेजारी बसून फोनवर आकडे वाचायला घेतले. पुण्यातून बाहेर पडेपर्यंत कूलंट ८१ ते ८३ होते आणि तेवढ्याने कोणालाच संशय आला नसता. हायवेला लागल्यावर ते ७४ वर आले. खंबाटकी घाट चढताना ८० झाले, आणि घाट उतरून मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ६३. थर्मोस्टॅट अर्धवट उघड्या अवस्थेत अडकलेला होता. शहरात मंद गतीमुळे ते झाकले जात होते आणि हायवेवर समोरून येणारा वारा रेडिएटरमधले पाणी गार करून सतत इंजिनात पाठवत होता. इंजिन अजून पुरते तापलेले नाही, असे धरून ईसीएम वागत राहतो, इंजिनातले तेल दाट राहते आणि गार भिंतींवर पेट्रोल नीट वाफ होत नाही, म्हणून जळणही अपुरे होते. थर्मोस्टॅट आणि कूलंट बदलल्यावर पुढच्या दोन टाक्यांत ॲव्हरेज साडेसोळाच्या पुढे गेले.

या दोषाला पी ०१२८ हा कोड आहे, पण माझ्या गाडीत तो आला नाही. तेव्हा ॲव्हरेजची तक्रार असेल, तर हायवेवर सलग वीस मिनिटे चालवून कूलंटचा आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नये. बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, आणि काही गाड्यांत तर काटाच नसतो.

तिसरी पाहणी: फ्युएल ट्रिम

इंजिन पूर्ण तापल्यावर, एसी बंद ठेवून, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन ट्रिम पाहावेत. शॉर्ट टर्म हा क्षणाक्षणाला वर-खाली होतो. लाँग टर्म हा त्यातून ईसीएमने शिकलेला आणि लक्षात ठेवलेला असतो. निदानासाठी दोघांची बेरीज धरावी. अधिक चिन्ह असेल तर ईसीएम पेट्रोल वाढवत आहे, उणे असेल तर कमी करत आहे. बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांपर्यंत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालण्यासारखे, आणि त्यापुढे गेले तर कारण शोधावे. फक्त शॉर्ट टर्म पाहणारा फसतो, कारण लाँग टर्म अधिक १८ वर पोहोचलेला असताना शॉर्ट टर्म शून्याभोवती खेळत असतो आणि सगळे ठीक आहे असे भासते.

ही बेरीज तीन परिस्थितींत लिहून घ्यावी: न्यूट्रलमध्ये स्लो-स्पीडवर, उभ्या गाडीत २,५०० आरपीएम धरून, आणि रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चढ चढताना. एकाच परिस्थितीतल्या आकड्यावरून दोषाची जागा ठरत नाही. ती या तिघांच्या तुलनेतून ठरते.

स्लो-स्पीडवर ट्रिम मोठा अधिक आणि २,५०० वर जवळजवळ ठीक असेल, तर कोठून तरी न मोजलेली हवा आत शिरत आहे. स्लो-स्पीडवर इंजिन मुळात थोडी हवा घेते, म्हणून फटीतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा होतो. रेस दिल्यावर एकूण हवा इतकी वाढते की त्या फटीचे महत्त्व उरत नाही. माझ्या मेव्हण्यांच्या गाडीत मास एअर फ्लो सेन्सर आहे. स्लो-स्पीडवर शॉर्ट टर्म अधिक ६ आणि लाँग टर्म अधिक १४, म्हणजे बेरीज २०. २,५०० वर मात्र बेरीज ५. सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी रबरी नळी वरून धडधाकट दिसत होती. क्लिप सैल करून नळी हाताने वाकवली, तेव्हा खालच्या बाजूच्या वळीत बोटाच्या पेराएवढी भेग उघडली. इंजिन हलले की ती उघडत होती आणि तेथून हवा सेन्सरला चुकवून आत जात होती. नळीबरोबरच पीसीव्हीची (इंजिनातली वाफ पुन्हा इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेची) नळी, ब्रेक बूस्टरची नळी आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट या जागा पाहाव्यात. कोठे फुसफुस ऐकू येते का, ते कान देऊन ऐकावे. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याचा प्रकार नवशिक्यांनी करू नये. गॅरेजमध्ये धुराची तपासणी करून घेता येते.

फक्त मॅप सेन्सर असलेल्या गाडीत हाच दोष वेगळा दिसतो, आणि हे अनेक मार्गदर्शकांत सांगितलेले नसते. मॅनिफोल्डमध्ये जादा हवा शिरली की तेथला दाब वाढतो, मॅप तो वाढलेला दाब पाहतो आणि ईसीएम त्या हवेलाही पेट्रोल देतो. त्यामुळे ट्रिम फारसा बिघडत नाही. स्लो-स्पीडचे आरपीएम वाढतात किंवा वर-खाली होत राहतात. चांगल्या इंजिनात स्लो-स्पीडवर मॅप साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. तो ४५-५० वर स्थिरावला असेल आणि आरपीएमही चढलेले असतील, तर ट्रिम ठीक असला तरी हवेची गळती शोधावी.

उलट, स्लो-स्पीडवर ट्रिम ठीक आणि चढावर मोठा अधिक होत असेल, तर पेट्रोल पुरे पडत नाही. फ्युएल पंप थकलेला असणे, फिल्टर किंवा पंपाची जाळी तुंबणे, इंजेक्टरमध्ये थर साचणे ही त्याची कारणे. घाटात गाडी ओढत नाही, ही तक्रार पुष्कळदा येथे येऊन थांबते. पंप बदलण्याआधी इंधनाचा दाब गेज लावून मोजून घ्यावा. त्या लाइनमध्ये दाबाखालचे पेट्रोल असते, म्हणून ते काम स्वतः करू नये. मास एअर फ्लो सेन्सरवर धूळ-तेल बसले, तरी तो हवा कमी सांगतो आणि लोडवर हेच चित्र दिसते, तेव्हा तो त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास क्लीनरने आधी साफ करून पाहावा.

ट्रिम उणे असण्याची कारणे मोजकी आहेत. गळका इंजेक्टर हे एक, आणि त्याचा परिणाम स्लो-स्पीडवर अधिक दिसतो. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकणे हे दुसरे. पेट्रोल भरल्यानंतर थोडा वेळ ट्रिम उणे दिसणे स्वाभाविक आहे, पण ऑटो-कटनंतरही टाकी गळ्यापर्यंत भरून घेण्याच्या सवयीने द्रव पेट्रोल टाकीतली वाफ शोषून धरणाऱ्या चारकोल कॅनिस्टरमध्ये जाते आणि तो कायमचा खराब होऊ शकतो. एक गैरसमज मात्र दूर करावासा वाटतो. एअर फिल्टर तुंबला की मिश्रण रिच होते, हे कार्ब्युरेटरच्या काळातले ज्ञान आहे. आजच्या गाडीत आत आलेली हवा मोजूनच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने ट्रिम बिघडत नाही. पूर्ण रेस दिल्यावर ताकद कमी पडते. हे तपासायचे तर मोकळ्या चढावर पूर्ण रेस असताना मॅप पाहावा. तो त्या गावच्या हवेच्या दाबाच्या जवळ पोहोचला पाहिजे. पुण्यात ९५ ऐवजी ८२ वरच अडकत असेल, तर फिल्टर, त्याची नळी किंवा थ्रॉटल बॉडी यांत अडथळा आहे. उभ्या गाडीत २,५०० आरपीएम धरून ठेवल्यावर मॅप मिनिटभरात हळूहळू चढत जात असेल, तर अडथळा पलीकडच्या बाजूला, म्हणजे तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असण्याचा संभव आहे.

इथेनॉलचा वाटा वजा करून पाहावा

तिन्ही परिस्थितींत ट्रिम सारखाच अधिक असेल, तर दोष शोधण्याआधी टाकीत काय आहे याचा विचार करावा. आज देशातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते: १० टक्के मिश्रणाला १४.१ च्या आसपास आणि २० टक्क्यांना १३.५ च्या आसपास. म्हणजे १० टक्क्यांसाठी बसवलेल्या गाडीला त्याच हवेत सुमारे ४ टक्के अधिक इंधन सोडावे लागते, आणि जुन्या, शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या गाडीला ८ टक्क्यांच्या आसपास. एवढा अधिक ट्रिम सर्वत्र सारखा दिसत असेल, तर ती इंधनाची खूण आहे आणि त्यासाठी कोणताही भाग बदलू नये. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमागे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी मिळते. सतराचे साडेसोळा किंवा सोळा झाले, तर त्याचा उलगडा येथे होऊ शकतो. साडेतेरा झाले तर नाही.

ॲपमध्ये दिसणाऱ्या इंधनखर्चालाही हीच मर्यादा आहे. हवा सेकंदाला १० ग्रॅम असेल, तर १४.७ ने भागून पेट्रोल ०.६८ ग्रॅम, तासाला सुमारे २,४५० ग्रॅम, आणि एक लिटर म्हणजे ७४० ग्रॅम धरले तर तासाला ३.३ लिटर, ताशी ६० किलोमीटर वेगाला ते १८ चे ॲव्हरेज होते. पण २० टक्के इथेनॉल असताना १४.७ ने भागणारे ॲप खर्च कमीच दाखवणार. म्हणून ॲपचा आकडा कालच्या आकड्याशी तुलना करण्यापुरता वापरावा आणि खरे ॲव्हरेज टाकीवरूनच काढावे.

गाडीत सीएनजी असेल, तर निदानाची एक फार चांगली सोय आपल्या हातात असते. तीच पाहणी दोन्ही इंधनांवर करावी. ट्रिम दोन्हींवर सारखाच बिघडलेला असेल, तर दोष हवेच्या, ऑक्सिजन सेन्सरच्या किंवा एक्झॉस्टच्या बाजूला आहे. फक्त पेट्रोलवर बिघडत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर पाहावेत. फक्त सीएनजीवर बिघडत असेल, तर रेग्युलेटर, गॅसचा फिल्टर किंवा किटचे ट्यूनिंग.

ऑक्सिजन सेन्सर आणि मिसिंग

पुढचा ऑक्सिजन सेन्सर साध्या प्रकारचा असेल, तर तापलेल्या इंजिनावर त्याचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वर-खाली झाला पाहिजे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. पुढचा सेन्सर सुस्तावला आहे किंवा एका जागी अडकला आहे असे दिसले, तरी आधी त्याच्या पुढची एक्झॉस्टची जोडणी पाहावी. तेथे फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि ईसीएम विनाकारण पेट्रोल वाढवतो.

मिसिंगमध्येही अशीच फसगत होते. न जळलेल्या सिलिंडरमधून पेट्रोल आणि ऑक्सिजन दोन्ही बाहेर पडतात, पण सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, म्हणून तो लीन असे सांगतो. पी ०१७१ आणि पी ०३०२ एकत्र आले असतील, तर आधी दुसऱ्या सिलिंडरचा प्लग आणि कॉइल पाहावी. ती कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर लावून पाहिली आणि कोड पी ०३०३ झाला, तर दोष कॉइलचाच. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर मिसिंग इतके आहे की कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत आहे. तेव्हा रेस सोडून सावकाश बाजूला थांबावे, कारण कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो.

सगळे आकडे ठीक आले तर

असेही होते, आणि त्याचा अर्थ इंजिन निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला कॅल्क्युलेटेड लोड पाहावा. तो पूर्वीच्या नोंदीपेक्षा बराच वाढला असेल आणि ट्रिम ठीक असेल, तर इंजिन कशाला तरी ओढत आहे: कमी हवेचे टायर, धरलेला ब्रेक, बिघडलेले अलाइनमेंट किंवा चाकाचे बेअरिंग. दहा किलोमीटर फारसे ब्रेक न लावता चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक तापले असेल, तर तेथे पाहावे.

दुरुस्तीनंतर

दुरुस्ती झाल्यावर मग कोड पुसावा. लाँग टर्म ट्रिम शून्यापासून पुन्हा शिकायला लागतो, म्हणून लगेच दिसणाऱ्या आकड्यावर निर्णय देऊ नये. शहर आणि हायवे मिळून शंभरेक किलोमीटर चालवावे, ॲपमधले रेडीनेस मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या चाचण्या, पूर्ण झालेले दिसेपर्यंत थांबावे आणि त्याच तीन परिस्थितींत, एसी बंद ठेवून, पुन्हा आकडे घ्यावेत. मग टाकी-टू-टाकी दोनदा मोजावे. ज्यांच्या गाडीला आज काहीच तक्रार नाही, त्यांनीही हे आकडे एकदा घेऊन तारखेसह तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा: गार इंजिनावरची दोन्ही तापमाने, चावी ऑन असतानाचा मॅप, हायवेवरचे कूलंट, तीन परिस्थितींतला ट्रिम आणि साठच्या वेगाचा लोड. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि पुढे कधी बिघाड झाला तर कोणताही मेकॅनिक आधी हाच कागद मागेल.